घरी पिनबॉल बनवताय? आधी हे वाचा, मग करवत काढा

पिनबॉल म्हणजे उतरत्या टेबलावरचा बॉल खाली पडू न देता फ्लिपरने, म्हणजे बटण दाबलं की उडणाऱ्या दांड्यांनी, वर मारत राहायचा खेळ. व्हर्च्युअल पिनबॉल म्हणजे काय ते थोडक्यात: खेळायच्या जागी आडवा झोपवलेला मॉनिटर, खोक्याच्या दोन्ही बाजूंना बटणं, आत एक साधा पीसी आणि त्यावर फुकट मिळणारं व्हिज्युअल पिनबॉल नावाचं सॉफ्टवेअर. एवढंच. तरी "दादा, सगळं केलं पण मजा येत नाही" म्हणणारा माणूस दर महिन्याला एक तरी भेटतो, आणि गंमत म्हणजे खोक्यावरचं रंगीत स्टिकर मात्र त्याने सगळ्यात आधी छापून घेतलेलं असतं.

मॉनिटर यायच्या आधी लाकूड कापणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जास्त लिहितो. २४ इंची मॉनिटर घ्यायचं ठरलं होतं, ऑर्डर व्हायची होती, आणि मी घाईघाईत भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन १८ एमएमचं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) कापून घेऊन आलो. २४ इंच हे कर्णाचं माप, म्हणजे नुसती स्क्रीन साधारण ५३ बाय ३० सेंटीमीटर, हे मला माहीत होतं हो, म्हणून मी शहाण्यासारखी आत ३१ ची जागा ठेवली. मॉनिटर आला, कडेच्या पट्ट्या धरून ३२ च्या वर. सुताराला बोलावलं तर तो खोक्याकडे बघून म्हणाला, "साहेब, पाहुणा बघायच्या आधी कपडे शिवले होय?"

मग घासाघाशी करून बसवला. पण कापलेल्या कडांना काहीच लावलं नव्हतं आणि खोका बाल्कनीत. जुलैत खालची कड पाण्यात बुडवलेल्या पावासारखी फुगली आणि स्क्रू धरेनासे झाले. पुण्याच्या पावसात एमडीएफच्या कडा उघड्या ठेवू नका. मी आता पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात मारतो, वाळलं की पॉलिश पेपर, मग प्राइमर. आणि त्याच्याही आधी फ्रिजच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मॉनिटर ठेवून आठवडाभर ओट्याशी उभा राहून खेळतो. बायको वैतागते, पण उंची बरोबर कळते. हा आठवडा कोणालाच घालवायचा नसतो.

मॉनिटर आयपीएस पॅनलचाच घ्या, त्याचे रंग तिरकं बघितलं तरी टिकतात. आपण एका टोकाकडून तिरकं बघतो, स्वस्तातल्या टीएन पॅनलचे रंग तिथून उडालेले दिसतात.

फ्लिपर उशिरा उडतो आणि दोष बटणाला

भाच्याने जुन्या बाजारातून ३२ इंची टीव्ही उचलला, चांगला भाव करून. खेळायला बसलं की बॉल फ्लिपरवरून निघून गेल्यावर फ्लिपर उडायचा. पठ्ठ्याने बटणं बदलली, मग बटणांचं युएसबी बोर्ड बदललं, मग विंडोज नव्याने टाकलं, तीन रविवार गेले. मी गेलो आणि फक्त मोबाईल काढला. स्लो मोशनला २४० फ्रेमवर बटण आणि स्क्रीन एकत्र शूट करायचं आणि बटण दबल्यापासून फ्लिपर हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या, एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. याच्या भरल्या ३१, म्हणजे सव्वाशेच्या पुढे! टीव्हीच्या मेनूत गेम मोड लावला, चित्र गुळगुळीत करणारा तो मोशनवाला प्रकार बंद केला, निम्म्याच्याही खाली आलं. एक रुपया खर्च नाही. म्हणून म्हणतो, टीव्ही घ्यायचाच तर दुकानात लावून, फ्रेम मोजून घ्या, दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

शिफ्टची कटकट

व्हिज्युअल पिनबॉलमध्ये फ्लिपर मुळात कीबोर्डच्या डाव्या-उजव्या शिफ्टवर असतात. पाच वेळा शिफ्ट दाबलं की विंडोज स्टिकी कीजची खिडकी उघडतं, आणि उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं तर फिल्टर कीजची. ऐन मल्टिबॉलमध्ये, म्हणजे एकदम दोन-तीन बॉल सुटलेले असताना! सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींचे शॉर्टकट बंद करा.

"खटखट आवाज पाहिजे"

खऱ्या मशीनसारखा फ्लिपरचा खटका पाहिजेच, पण शेवटी. तपकीर गल्लीतून दाराच्या लॉकचे १२ व्होल्टचे सॉलेनॉइड (वीज दिली की आतला दांडा खटकन ओढणारी कॉइल) आणून लोक थेट जोडतात. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, ड्रायव्हरचा मॉस्फेट (कॉइल चालू-बंद करणारा भाग) जातो नाहीतर युएसबी बोर्ड मध्येच गायब होतं. प्रत्येक कॉइलला ४००७ नंबरचा डायोड लावा, पट्टीवालं टोक प्लसकडे. शिवाय ही कॉइल क्षणभरासाठी बनवलेली असते, फ्लिपर धरून ठेवला की तापून वास येतो. पीसीचा आणि कॉइलचा सप्लाय मी वेगळाच ठेवतो.

बाकीचं पटकन:

खोक्याला दिलेला धक्का ओळखणारा सेन्सर डबल टेपने चिकटवू नका, खोक्याच्या तळाला स्क्रूने कसा. के एल २५ झेड नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर तो आधीच बसवलेला असतो.

खाली हवा आत यायला जाळी, मागे वर १२० एमएमचा पंखा. एप्रिलमध्ये कळेल का ते.

वरची काच टफन्ड घ्या, पण ती नंतर कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही, त्यामुळे माप सगळ्यात शेवटी द्या. माझ्या ३१ सेंटीमीटरवाल्या खोक्याची काच सध्या आईच्या शिलाई मशीनवर आहे.