ग्रीन कार्ड असो वा डिपोर्टेशन, वकील तुमचा स्वतःचा हवा

कंपनीने ग्रीन कार्डची फाइल लावली की लोक "आमचा वकील" म्हणायला लागतात. त्या वकिलाची फी कंपनी भरते, त्याला सूचना कंपनीच्या एचआरकडून जातात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही बऱ्याचदा एचआरमार्फतच येतं. मी न्यू जर्सीत इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची साहाय्यक, आहे. वकील नाही, म्हणून तुमच्या केसमध्ये काय करावं हे मी सांगणार नाही. पण मदत कोणाकडे मागावी, कधी मागावी आणि जाताना काय न्यावं, हे रोज बघते. तेवढं नीट सांगते.

पर्म (कामगार खात्याकडचा पहिला अर्ज) आणि आय-१४० (ग्रीन कार्डसाठी तुमच्या नावाची मागणी) हे कंपनीचे अर्ज. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, तुमचा. वकील कोणाच्या वतीने काम करतो हे जी-२८ फॉर्मवर लिहिलेलं असतं, तो मागून घ्या आणि वाचा. एकाच वकिलाने दोघांचं काम पाहणं चालतं, पण लेऑफ झाला की कंपनीचं हित आणि तुमचं हित एक राहत नाही. एच-वनवरची (कामाच्या व्हिसावरची) नोकरी गेली तर पुढची सोय लावायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ (किती तारखेपर्यंत राहता येईल याची नोंद) त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी. सेव्हरन्सचे, म्हणजे नोकरी सुटताना कंपनी देते ते, पैसे चालू आहेत म्हणून ही मुदत वाढत नाही. आमच्याकडे लोक पन्नासाव्या दिवशी येतात, तेव्हा जीव कळवळतो. दुसऱ्या दिवशी आले असते तर कितीतरी मार्ग खुले होते.

म्हणून नोकरी शाबूत असतानाच एकदा स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वकिलाशी तासभर बोलून घ्या. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर कंपनीने नंतर ते मागे घेतलं तरी तेवढ्यावरून ते रद्द होत नाही आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख, टिकते. आय-४८५ भरून १८० दिवस झाले असतील, तर त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामावर दुसरीकडे जाता येतं. मुलं एकविशीकडे चालली असतील तर त्यांचं वय कायद्याप्रमाणे कसं मोजलं जाईल, हे आजच विचारा. भारतीयांच्या ग्रीन कार्डच्या लांब रांगेत मुलं एकवीस वर्षांची होतात आणि आईबापांच्या फाइलमधून बाहेर पडतात. आईबापांना हे फार उशिरा कळतं.

आता वकील ओळखायचा कसा? महाराष्ट्रात नोटरी हा वकीलच असतो, त्यामुळे इथे दुकानावर "नोटरी" पाटी दिसली की आपला विश्वास बसतो. अमेरिकेत नोटरी फक्त सहीची साक्ष देतो. टॅक्स भरून देणारा, तिकिटं काढून देणारा, "कन्सल्टंट" म्हणवणारा, यांना कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार नाही. तो अधिकार दोघांना आहे. एक म्हणजे कुठल्याही राज्याच्या बारचा (वकिलांच्या नोंदणीचा) लायसन्स असलेला वकील. इमिग्रेशन कायदा केंद्राचा असल्यामुळे टेक्सासचा वकील न्यू जर्सीतली केस घेऊ शकतो. दुसरा म्हणजे न्याय खात्याने मान्यता दिलेला अ‍ॅक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह, जो मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थेत काम करतो. त्यातही अर्धवट मान्यता असलेल्याला कोर्टात उभं राहता येत नाही, हे विचारून घ्या. वकिलाचं नाव राज्याच्या बारच्या वेबसाइटवर तपासायला दोन मिनिटं लागतात. इमिग्रेशन कोर्टांचं काम पाहणारं खातं, ईओआयआर, शिस्तभंगाची कारवाई झालेल्यांची यादीही प्रसिद्ध करतं. दोन्ही बघा.

पहिल्या भेटीला पासपोर्ट (जुनेसुद्धा), आय-९४, सगळ्या आय-७९७ नोटिसा (अर्ज मिळाल्याच्या, मंजूर झाल्याच्या) आणि कुठेही पोलिसांशी संबंध आला असेल तर त्याचे कोर्टाचे कागद न्या. सगळं खरं सांगा. नाकारलेला व्हिसा, मोडलेलं लग्न, विद्यार्थी असताना केलेलं बिनपरवानगी काम, सगळं. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं, पण धीर द्यायला सोबत आणलेला मावसभाऊ खोलीत बसला तर त्या गोपनीयतेला धक्का लागू शकतो. त्याला बाहेर बसवा. फी लेखी घ्या, आणि त्यात हिअरिंग धरलेलं आहे का, अपील वेगळं का, सुनावणीला स्वतः कोण येणार, हे स्पष्ट लिहून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. भरलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा. "शंभर टक्के करून देतो" म्हणणाऱ्याच्या समोरून उठून या.

डिपोर्टेशनची (देशाबाहेर काढण्याच्या कारवाईची) नोटीस, म्हणजे नोटीस टू अपिअर, हातात आली तर घाबरून ती कपाटात ठेवू नका. तिच्यावर ए-नंबर, म्हणजे तुमचा इमिग्रेशनचा फाइल नंबर, असतो. तो ईओआयआरच्या वेबसाइटवर टाका किंवा १-८००-८९८-७१८० या स्वयंचलित लाइनवर द्या, पुढची तारीख कळते. नोटिशीतली तारीख बदललेली असू शकते, म्हणून पुन्हा पुन्हा तपासा. तारखेला गैरहजर राहिलात तर न्यायाधीश तुमच्या पाठीमागे डिपोर्टेशनचा आदेश देऊ शकतात. घर बदललं तर पाच कामकाजाच्या दिवसांत कोर्टाला ईओआयआर-३३ फॉर्मने कळवायचं, आणि यूएससीआयएसला, म्हणजे व्हिसा-ग्रीन कार्डचे अर्ज पाहणाऱ्या खात्याला, वेगळं, दहा दिवसांत, एआर-११ ने. एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळतं, असं होत नाही.

या कोर्टात सरकार तुम्हाला वकील देत नाही. समोर सरकारचा वकील असतो, तुम्हाला मात्र स्वखर्चाने वकील आणण्याचा फक्त हक्क आहे. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा तसा आहे. पहिल्या सुनावणीत वकील शोधायला मुदत मागता येते, ती मागा. वकिलाशी बोलण्याआधी नोटिशीतले आरोप कबूल करू नका. दुभाषा कोर्ट फुकट देतं. मराठी बोलत असाल तर मराठीच मागा, "हिंदी चालेल" म्हणू नका, तारखा आणि नाती सांगताना गफलत होते. आदेश विरोधात गेला तर अपिलाची मुदत फार थोडी असते, त्याच दिवशी वकिलाला विचारा.

पैसे नसतील तर ईओआयआर प्रत्येक कोर्टासाठी विनामूल्य मदत करणाऱ्या संस्थांची यादी देतं. आमच्या नूअर्क आणि एलिझाबेथच्या कोर्टांसाठी लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी आहे, रटगर्स आणि सीटन हॉलच्या कायदा महाविद्यालयांची क्लिनिक्स, म्हणजे कायदेशीर मदत केंद्रं, आहेत. न्यू यॉर्कमध्ये २०१३ पासून अटकेतल्यांसाठी सार्वजनिक पैशातून वकील देण्याची योजना आहे. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या आणि मारहाण सोसणाऱ्या बायकांनी न्यू जर्सीत मानवी, न्यू यॉर्कमध्ये सखी, ह्यूस्टनमध्ये दया, शिकागोत अपना घर या संस्थांशी बोलावं. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो, आणि यूएससीआयएस ते त्याला कळवू शकत नाही. बाई, "तुझं स्टेटस माझ्या हातात आहे" हे त्याचं वाक्य अंतिम मानू नकोस. एकदा विचारून बघ.

ग्रीन कार्ड मिळालं म्हणजे भीती संपली, असंही नाही. दुकानातली छोटी चोरी, घरातल्या भांडणात आलेले पोलिस, यांवर "गुन्हा कबूल कर, दंडावर मिटेल" असं सांगितलं जातं. ते कबूल करणं इमिग्रेशनमध्ये दोषी ठरणं धरलं जाऊ शकतं, फौजदारी कोर्टाने नंतर केस काढून टाकली तरीही. २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या निकालानंतर फौजदारी वकिलाने डिपोर्टेशनचा धोका सांगणं बंधनकारक आहे. त्याला इमिग्रेशन वकिलाशी बोलायला लावा, कबुलीआधी.

आणि आईवडील. ग्रीन कार्ड आहे, पण वर्षातले आठ-नऊ महिने पुण्यात-साताऱ्यात. विमानतळावर अधिकारी आय-४०७ पुढे करतो आणि थकलेले काका सही करून मोकळे होतात. तो फॉर्म म्हणजे ग्रीन कार्ड स्वखुशीने सोडणं. सही करणं सक्तीचं नाही. न्यायाधीशासमोर सुनावणी मागण्याचा त्यांना हक्क आहे, हे निघण्याआधी मराठीत समजावून सांगा. लांब राहायचं असेल तर अमेरिकेत असतानाच री-एंट्री परमिटचा, म्हणजे परत येण्याच्या आगाऊ परवानगीचा, अर्ज करा.

कोणाला अटक झाली तर आईसच्या (इमिग्रेशनची अटक करणाऱ्या खात्याच्या) ऑनलाइन लोकेटरवर ए-नंबर आणि जन्माचा देश टाकून शोधता येतं. म्हणून प्रत्येकाचा ए-नंबर घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असू द्या. भारतीय वकिलातीला कळवण्याचा हक्क अटकेतल्या माणसाला असतो. वकील येईपर्यंत कशावरही सही नको.

जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र एका जागी ठेवा. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र लागतं. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं मधलं नाव, हे फरक वकिलाला पहिल्याच दिवशी दाखवा. कंपनीने आय-१४० ची प्रत दिली नाही, किंवा आधीच्या वकिलाने फाइल परत केली नाही, तर आपल्या माहितीच्या अधिकारासारखा अमेरिकेतला फोइया कायद्याचा अर्ज यूएससीआयएसकडे ऑनलाइन करता येतो. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा गरज पडायच्या आधीच तो टाकून ठेवा.