लाटांसाठी सप घ्यायचाय? आधी वजनकाट्यावर उभे राहा

सीझनमध्ये गोव्याला जायचं, भाड्याने सप (उभं राहून पॅडल मारायचा बोर्ड, स्टँड-अप पॅडल) घ्यायचा, खाडीत संथ पाण्यावर दोन तास फिरायचं आणि परत येताना डोक्यात किडा घेऊन यायचं की आता स्वतःचा बोर्ड घेऊ आणि लाटांवर जाऊ. इथपर्यंत सगळ्यांचं सेमच असतं. मग माणूस ऑनलाइन शोधायला बसतो आणि पहिली कुठली गोष्ट बघतो, तर लांबी. ८ फूट, ९ फूट, १० फूट ६ इंच, जसं काय शर्टाची साइज. मी पण तेच केलं. हवा भरायचा १० फूट ६ इंची बोर्ड घेतला, ६ इंच जाड, खाडीत एकदम मस्त, पण लाटेवर नेला की वैताग, कारण लाटेने मागून उचललं की बोर्ड मधे वाकायचा, नोज (पुढचं टोक) पाण्यात घुसायचं आणि मी पुढे. त्याच्या कडा टायरच्या ट्यूबसारख्या गोल असतात, त्या लाटेला धरतच नाहीत, नुसतं आडवं घसरत किनाऱ्याकडे यायचं. दोन सीझन मला वाटत होतं माझंच चुकतंय. थोडं माझं होतंच म्हणा, पण बरंचसं बोर्डचं होतं.

तर लांबी बाजूला ठेवा. बोर्डवर किंवा त्याच्या माहितीत लिटरचा आकडा असतो, तो व्हॉल्यूम, तो आधी बघायचा आणि त्याच्याआधी वजनकाट्यावर उभं राहायचं (खरं वजन, लग्नाआधीचं नाही). शाळेतलं आर्किमिडीज आठवा, १ लिटर म्हणजे साधारण १ किलो तरंगणार, समुद्राचं पाणी खारट असल्यामुळे किंचित जास्त. माझं वजन ८० किलो, बोर्ड स्वतः ९ किलो, म्हणजे झाले ८९, म्हणजे ९० लिटरचा बोर्ड मला कसाबसा तरंगवेल. कसाबसा म्हणजे नुसता उभा राहिलो की बोर्ड पूर्ण पाण्याखाली, पाय घोट्यापर्यंत पाण्यात, आणि लाटेची वाट बघत तसंच डगमगत थांबायचं. Kai Lenny (काय लेनी) नावाच्या नामी सर्फरसारखे लोक असल्या छोट्या बोर्डवर काय काय करतात ते व्हिडिओत बघून आपण ७ फुटी बोर्ड कार्टमध्ये टाकतो, पण तो माणूस हवाईत लहानपणापासून पाण्यात आहे आणि आपण शनिवार-रविवारचे.

हिशोब सोपाय. संथ पाण्यावर आरामात उभे राहता पण लाटांवर नवीन आहात, तर वजनाला १.७ ते १.९ ने गुणा. ८० किलोला साधारण १३५ ते १५० लिटर. दोनेक सीझन झाले, लाट स्वतः पकडता येते, वळता येतं, मग १.४ ते १.५, म्हणजे ११२ ते १२०. त्याखाली १.२ वगैरे हे ज्यांना गरज आहे त्यांना माहीत असतं, त्यांनी हा लेख वाचायची गरज नाही. आणि पाणी खवळलेलं असेल, तुमचा बॅलन्स कच्चा असेल किंवा वय पन्नाशीच्या पुढे असेल तर १०-१५ लिटर वर घ्या, त्यात लाज कसली.

पण म्हणून जेवढा मोठा तेवढा चांगला असं पण नाही. माझी बायको ५४ किलोची, ती माझ्या १४० लिटरच्या बोर्डवर उभी राहिली तर पडायची नाही, एकदम बसमध्ये उभी असल्यासारखी स्टेडी, पण लाटेवर वळायचं म्हटलं की बोर्ड ढिम्म. कारण वळायला एका बाजूची कड पाण्यात दाबावी लागते, आणि १४० लिटरच्या बोर्डची कड दाबायला ५४ किलो पुरत नाहीत. तिला ९५-१०० लिटरचा दिला तर पहिल्याच दिवशी वळायला लागली, मला तोंड दाखवायला जागा नाही. घरात दोघांनी मिळून एक बोर्ड घेऊ, पैसे वाचतील असा विचार असेल तर दोघांची वजनं जवळपास असली तरच घ्या.

लिटर ठरले की मग रुंदी. सुरुवातीला ३० ते ३२ इंच ठीक. ३४ इंची बोर्ड मिळतात, त्यावर योगासनं करतात लोक, पण लाटेसाठी ते टेबल झालं. जास्त रुंद असला की पॅडल मारताना हात लांब न्यावा लागतो आणि या कडेवरून त्या कडेवर वजन टाकायला वेळ लागतो, तोपर्यंत लाट गेलेली असते. हात जमला की २९-३० वर या.

आता लांबी, आणि इथे तुम्ही कुठल्या लाटेवर जाणार हे प्रामाणिकपणे सांगा स्वतःला. गोव्यात आणि आपल्या कोकणात पावसाळा सोडला तर लाट बहुतेक वेळा छोटी, मऊ, वाळूवर फुटणारी. ढकलणारी ताकद तिच्यात कमी, त्यामुळे ग्लाइड, म्हणजे घसरत पुढे जाणं, बोर्डनेच द्यायचा असतो. म्हणून ९ ते १० फूट, पुढून गोलसर, लाँगबोर्डसारखा (लांब सर्फबोर्डसारखा) आकार. हवाईतल्या वायकीकीला जिथून हा खेळ मोठा झाला तिथली लाट पण लांब आणि सावकाश येणारी आहे आणि तिथे मोठे बोर्डच मजा देतात. उलट चेन्नईजवळच्या कोवलमसारख्या पॉइंटवर, जिथे चांगल्या दिवशी लाट जरा ताकदीने येते आणि एका बाजूने क्रमाक्रमाने फुटत जाते, तिथे ८ ते ९ फुटांचा टोकदार नोजवाला बोर्ड कामाला येतो. तुम्ही वर्षातून ४० दिवस गोव्यात आणि ३ दिवस तिकडे जाणार असाल तर ४० दिवसांसाठी बोर्ड घ्या की!

एक गडबड बऱ्याच जणांची होते. २०२४ मध्ये मंगळुरूजवळ सशिहित्लूला इंडिया पॅडल फेस्टिव्हल झाला, त्याचे फोटो बघून लोक विचारतात तसा लांब निमुळता बोर्ड लाटांना चालेल का. अजिबात नाही. ते १४ फुटी रेसचे बोर्ड, होडीसारखं नोज पाणी कापत सरळ जायला केलेलं. लाटेवर ते नोज एकदा रुतलं की बोर्ड आडवा होतो आणि १४ फूट लांबीची वस्तू फेसात तुमच्या मागे लागते. लांब पल्ल्याच्या टूरिंग बोर्डचं पण तेच.

रॉकर म्हणजे बोर्डला बाजूने बघितलं की केळ्यासारखा जो बाक दिसतो तो. पुढून जास्त उचललेला असेल तर उभ्या लाटेवरून उतरताना नोज बुडत नाही, मागे जास्त असेल तर पटकन वळतो, आणि एकंदर सपाट असेल तर वेग जास्त. आपल्या मऊ लाटेला पुढे थोडा बाक आणि मधे-मागे बऱ्यापैकी सपाट, हे बरं पडतं. टेल, म्हणजे मागचं टोक, गोल की चौकोनी की माशाच्या शेपटीसारखी यावर लोक तासभर भांडतात, पहिल्या बोर्डला एवढा फरक पडत नाही. रुंदसर चौकोनी टेल स्टेडी असते, घ्या आणि पुढे चला. फिनचं (बोर्डच्या तळाला मागे लावायचे कल्ले), मधे एक मोठी आणि बाजूला दोन छोट्या असा सेट येतो तो बेस्ट, नंतर मधली बदलून बघता येते, मोठी लावली तर सरळ आणि स्टेडी, छोटी लावली तर बोर्ड पटकन वळतो.

अजून एक बघा जे कोणी सांगत नाही, वरचं रबरी पॅड कुठपर्यंत आहे. संथ पाण्यावर आपण दोन्ही पाय शेजारी ठेवून मधे उभे असतो, लाटेवर एक पाय मागे, पार टेलपर्यंत न्यावा लागतो. पॅड मधेच संपत असेल तर मागचा पाय ओल्या गुळगुळीत बोर्डवर आणि तुम्ही पाण्यात. टेलपर्यंत पॅड आणि शेवटी छोटा उंचवटा हवा, पायाला न बघता कळतं आपण कुठे आलो ते.

हवेचा की कडक? लाटांसाठी कडक. इपॉक्सी आणि फायबरग्लासचं कवच, आत ईपीएस (थर्माकोलसारखा) फोम. मला माहितीये पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ९ फुटी बोर्ड नेणं म्हणजे काय, आमच्या लिफ्टमध्ये तो मावत नाही, जिन्यातून वळवताना शेजाऱ्यांच्या तुळशीला धक्का लागला ते वेगळंच. पर्यायच नसेल तर हवेचा पण ६ इंचाऐवजी साधारण पावणेपाच इंच जाडीचा, लाटांसाठी म्हणून केलेला घ्या आणि पंप मारायचा कंटाळा न करता पूर्ण १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरा, कमी हवेत तो केळ्याच्या सालीसारखा वाकतो.

कडक बोर्डला ऊन मारतं. गच्चीवर किंवा बंद गाडीत दुपारभर ठेवला की आतली हवा फुगते आणि कवच फोमपासून सुटतं. बोर्डवर आतली हवा बाहेर सोडायचा एक छोटा व्हेंटचा स्क्रू असतो, तो साधा असेल तर पाण्याबाहेर ठेवताना सैल करा आणि पाण्यात जायच्या आधी आठवणीने घट्ट, नाहीतर आत पाणी.

सेकंडहँड मिळाला तर सोडू नका, पण नारळ घेताना वाजवतो तसा बोर्ड बोटाने सगळीकडे वाजवून बघा. आवाज मधेच बद्द आला किंवा अंगठ्याने दाबलं जातंय असं वाटलं तर तिथे कवच सुटलंय. वजनकाट्याला इथे परत काम आहे, ९ किलोचा बोर्ड ११ किलो भरला तर आत पाणी आहे, विकणारा काहीही सांगो. फिन बसते तिथे चीर नाही ना हे पण बघा. दुरुस्ती इपॉक्सीनेच करायची, नेहमीचं पॉलिस्टर रेझिन लावलं तर ते ईपीएस फोम विरघळवतं.

घ्यायच्या आधी भाड्याने दोन वेगवेगळ्या लिटरचे बोर्ड एकाच दिवशी चालवून बघता आले तर सोन्याहून पिवळं. आणि सकाळी बघा. भूगोलातले मतलई वारे, सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, लाट गुळगुळीत असते, कुठलाही बोर्ड चांगलाच वाटतो. मग अकरा-बारानंतर खारे वारे सुटले, पाणी चुळबुळायला लागलं की त्याच बोर्डवर परत उभे राहा, तेव्हा खरं कळतं लिटर पुरतायत का. फक्त सकाळचा तोच वारा जोरात असेल तर उभा माणूस शिडासारखा आत समुद्रात ढकलला जातो, लगेच गुडघ्यावर बसून किनाऱ्याकडे वळा. जून ते सप्टेंबर समुद्रात जायचं नाही. नारळी पौर्णिमेला कोळी होड्या काढतात म्हणून आपण घाई करायची नाही, त्यांचा अनुभव पिढ्यांचा आहे, आपण ऑक्टोबरपर्यंत थांबायचं.

लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) सरळ घ्या, साधारण बोर्डच्या लांबीची. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लीश संथ पाण्यासाठी, लाटेत ती ताणली की बोर्ड परत तुमच्याच तोंडावर येतो.

पॅडल मात्र दुकानात कापून घेऊ नका. संथ पाण्याला उंचीपेक्षा ८ ते १० इंच जास्त ठेवतात, लाटेवर गुडघे वाकवून उभं राहायचं असतं म्हणून ४ ते ६ इंच पुरतात, काहीजण त्याहून कमी ठेवतात. पहिले दोन महिने लांबी बदलता येणारं वापरा, आणि कापायचं असेल तर हँडल हॉट ग्लूने बसवा, गरम केलं की निघतं आणि अजून इंचभर कमी करता येतं. एकदा कापलेलं वाढवता येत नाही, माझं एक माळ्यावर पडलंय, भाच्याची उंची वाढायची वाट बघतंय.