टर्नटेबलचा आवाज टोचतोय? नवीन सामान घेण्याआधी या चुका टाळा

रेकॉर्डचा आवाज वॉर्म असतो असं ऐकून आपण हौसेने टर्नटेबल घेतो, आणि पहिलीच रेकॉर्ड लावली की आवाज पातळ, कानाला टोचणारा. मग लगेच नवीन कार्ट्रिजची (सुई जिला जोडलेली असते त्या डबीची) शोधाशोध. मी पण तेच केलं. कार्ट्रिज बदलली तरी प्रत्येक 'स' फिसफिस करतच यायचा, साइड संपत आली की जास्तच.

शेवटी चूक सापडली काउंटरवेटमध्ये, म्हणजे आर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या फिरत्या वजनात. सुई मोडेल या भीतीने मी बॅलन्स करताना तिचं प्लास्टिकचं कव्हर काढलंच नव्हतं. कव्हर काढलं की पुढचा भाग हलका होतो, म्हणजे काउंटरवेटच्या आकड्यांच्या रिंगवर २ ग्रॅम दिसत असलं तरी सुईवर खरं वजन कमीच. इथे अर्ध्या ग्रॅमनेही फरक पडतो हो! अँटीस्केट (आर्मची आत सरकण्याची ओढ रोखणारी सेटिंग) शून्यावर, कव्हर काढलेलं, आर्म हवेत आडवा तरंगायला हवा. मग काउंटरवेट हलू न देता फक्त आकड्यांची रिंग ० वर आणायची आणि त्यानंतर अख्खं काउंटरवेट फिरवून हवं ते वजन द्यायचं. कार्ट्रिजपैकी ऑर्टोफॉन टूएम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम. नंतर अँटीस्केटही साधारण तेवढंच ठेवायचं.

वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जास्त टिकते हा निव्वळ गैरसमज. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उडते, आपटते आणि खाच खराब करते.

आवाज अगदीच बारीक आणि बास गायब असेल तर फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग, बघा. रेकॉर्ड कापतानाच बास कमी आणि ट्रेबल जास्त केलेला असतो, तो फोनो स्टेज सरळ करतो. तो मध्ये नसेल तर आवाज पत्र्याचा. उलट टर्नटेबलचा स्विच लाइनवर (म्हणजे आतला फोनो स्टेज चालू) आणि अँपचं इनपुट मात्र फोनो, असं झालं तर हे दुरुस्तीचं काम दोनदा होतं आणि सगळा आवाज फाटतो.

केबलकडे मात्र कोणी बघतच नाही. व्हीएम९५ईला १०० ते २०० पिकोफॅरड लोड (कपॅसिटन्स, म्हणजे वायरींमध्ये साठणारा विजेचा भार) चालतो आणि त्यात आर्मची वायर, केबल, फोनो स्टेज सगळं धरायचं. लांबलचक केबल लावली की हा आकडा सहज ओलांडला जातो आणि वरचे सूर कर्कश होतात. केबल आखूडच बरी.

टर्नटेबल स्पीकरच्याच टेबलावर ठेवू नका, घुमतं.

आर्मची मागची बाजू किंचित खाली असली तर आवाज थोडा मऊ वाटतो. उंची बदलता येत नसेल तर जाड मॅट टाकून बघा, तेवढंच होतं, जादू नाही.

एवढं करूनही अपग्रेड करावंसं वाटलं तर व्हीएम९५ मालिकेत नुसती सुई बदलता येते, बॉडी तीच. फक्त मायक्रोलिनिअर (जास्त बारीक टोकाची) सुई घेऊन वॉर्म आवाजाची वाट बघत बसू नका, ती बारकावे जास्त काढते, आणि घासलेल्या रेकॉर्डची खरखर पण काही वेळा तितकीच स्वच्छ ऐकवते.