एखाद्या प्राण्याचे अनुकूलन कसे अभ्यासावे

उंटाच्या पाठीवरचे मदार, बदकाच्या बोटांमधला पडदा, घुबडाची अंधारात पाहणारी नजर ही उदाहरणे शाळेपासून सर्वांच्या ओळखीची असतात. तरीही समोर एखादा अनोळखी प्राणी आला की त्याच्या शरीराचा कोणता भाग आणि कोणती सवय परिसराशी कशी जुळली आहे, हे स्वतःहून सांगणे बहुतेकांना अवघड जाते, कारण उत्तरे पाठ असतात आणि ती शोधण्याची रीत कोणी शिकवलेली नसते. विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि निसर्ग पाहण्याची आवड असलेल्या कोणालाही वापरता यावी अशी ती रीत येथे मांडली आहे.

आरंभी एक पथ्य पाळावे. ‘अमुक प्राण्याला अमुक हवे होते म्हणून त्याचे शरीर तसे झाले’ अशी वाक्यरचना वहीतून कायमची काढून टाकावी. कोणताही प्राणी ठरवून बदलत नाही. एका समूहातील प्राण्यांमध्ये मुळातच थोडाफार फरक असतो, त्यातील काही फरक आनुवंशिक असतात, आणि परिस्थितीत जे तगतात व अधिक पिल्ले वाढवतात त्यांची वैशिष्ट्ये पुढच्या पिढीत अधिक प्रमाणात दिसतात. गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने फिंच पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षे मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात लहान, मऊ बिया लवकर संपल्या आणि मोठ्या, कठीण बियाच उरल्या; बहुसंख्य पक्षी मेले, आणि जे वाचले त्यांत जाड चोचीचे पक्षी अधिक होते. त्यांच्या पिल्लांची सरासरी चोचही दुष्काळापूर्वीच्या पक्ष्यांपेक्षा जाड निघाली. एकाही पक्ष्याची चोच दुष्काळामुळे वाढली नव्हती, बदलली ती समूहाची सरासरी. पुढचा सगळा अभ्यास या एका फरकावर उभा आहे, म्हणून तो पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

परिसराचे नाव न लिहिता अडचण लिहावी

‘वाळवंट’, ‘ध्रुवप्रदेश’, ‘खोल समुद्र’ एवढे लिहिल्याने काहीच हाती लागत नाही. दिवसाचे आणि रात्रीचे तापमान किती, पाणी कोठे आणि किती दिवसांनी मिळते, अन्न कोणत्या ऋतूत असते, जमीन कशी आहे, उजेड किती असतो आणि आपल्याला खाणारे कोण आहेत, हे प्रश्न त्या प्राण्याच्या आकाराच्या दृष्टीने विचारावे लागतात. एकाच वाळवंटात राहणाऱ्या दोन प्राण्यांपुढची अडचण एकसारखी असतेच असे नाही, आणि हे समजण्यासाठी उंट व उत्तर अमेरिकेतील वाळवंटी कांगारू उंदीर यांची जोडी मला सर्वांत उपयोगी वाटते.

उंट मोठा आहे. त्याला बिळात शिरता येत नाही आणि सावली मिळेलच याची खात्री नसते. दिवसाची उष्णता त्याला अंगावर घ्यावीच लागते. मात्र मोठे शरीर सावकाश तापते, आणि उंट याचाच लाभ घेतो. पाणी मिळत नसेल तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान पहाटे सुमारे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दुपारी ४० अंशांच्या पुढे जाते. दिवसभर साठवलेली ही उष्णता रात्रीच्या थंड हवेत आपोआप निघून जाते. ५०० किलो वजनाच्या उंटाने तीच उष्णता घाम गाळून बाहेर टाकायची ठरवली, तर चार ते पाच लिटर पाणी खर्च झाले असते. पाठीवरची दाट लोकर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. क्नुट श्मिट-निल्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सहारात केलेल्या अभ्यासात लोकर कातरलेल्या उंटाचे पाणी अधिक वेगाने घटल्याचे दिसले. मदारात पाणी नसून चरबी असते, हे आता अनेकांना ठाऊक आहे, पण चरबी एकाच जागी का, हा पुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चरबी अंगभर पसरलेली असती तर ती उष्णता कोंडून ठेवणारा थर बनली असती. ती पाठीवर गोळा झाल्याने उरलेल्या त्वचेतून उष्णता सहज बाहेर पडते.

कांगारू उंदीर याच्या अगदी उलट टोकाला आहे. इतके लहान शरीर उन्हात काही वेळातच धोक्याच्या पातळीपर्यंत तापेल, त्यामुळे उष्णता साठवण्याची युक्ती त्याच्या कामाची नाही. तो दिवस बिळात घालवतो, जेथे हवा बाहेरच्या मानाने थंड आणि दमट असते, आणि रात्री बिया गोळा करायला निघतो. साठवलेल्या बिया बिळातील दमटपणा शोषून घेतात, आणि त्या खाल्ल्यावर पचनानंतरच्या रासायनिक क्रियांतून शरीरात पाणी तयार होते. श्वास बाहेर टाकताना नाकाच्या थंड पोकळीत बाष्पाचे पुन्हा पाणी होते व ते शरीरातच राहते, आणि मूत्रपिंडे समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तीव्र मूत्र तयार करतात. परिणामी हा प्राणी पाणी न पिताही जगू शकतो.

शरीर आणि वर्तन वेगळे लिहू नये

वहीत एका बाजूला ‘शारीरिक’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वर्तनविषयक’ असे रकाने पाडण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली तरी फसवी आहे. कांगारू उंदराची मूत्रपिंडे कितीही कार्यक्षम असली तरी तो दुपारी उघड्यावर हिंडू लागला तर ती त्याला वाचवू शकणार नाहीत; बिळात राहण्याची सवय आणि मूत्रपिंड मिळूनच ते एक उत्तर होते. हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकादंब हंसांचेही असेच आहे. त्यांच्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता मैदानी भागातील नातलग हंसांपेक्षा जास्त असते, ही गोष्ट बराच काळ माहीत होती. पुढे त्यांच्या अंगावर यंत्रे बसवून माग काढल्यावर दिसले की ते पर्वतरांग बहुधा रात्री किंवा पहाटे, हवा थंड आणि दाट असताना ओलांडतात, आणि उंची कायम न ठेवता खालच्या भूभागाच्या चढउतारानुसार वरखाली होत उडतात. म्हणून प्रत्येक अवयवासमोर ‘हा कोणत्या सवयीच्या आधाराने चालतो?’ आणि प्रत्येक सवयीसमोर ‘ही कोणत्या अवयवामुळे शक्य होते?’ असे दोन प्रश्न लिहून ठेवावेत.

आयुष्यातला बदल आणि पिढ्यांमधला बदल

येथे गल्लत फार होते. सपाटीवरचा माणूस उंच पर्वतावर काही आठवडे राहिला की त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि खाली आल्यावर पुन्हा कमी होतात. ही त्याच्या शरीराने आयुष्यातच करून घेतलेली जुळवणी आहे. तिबेटी लोकांमध्ये मात्र ‘ईपास१’ या जनुकाचे असे रूप मोठ्या प्रमाणात आढळते, ज्यामुळे उंचीवर राहूनही त्यांचे हिमोग्लोबिन फारसे वाढत नाही आणि रक्त दाट होण्याचा त्रास टळतो. हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेले अनुकूलन आहे. दोन्हींचे तोंड एकाच अडचणीकडे असले तरी शरीराने दिलेली उत्तरे वेगळी, किंबहुना उलट दिशेची आहेत.

काही वेळा दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. उत्तर अमेरिकेतील स्नोशू ससा उन्हाळ्यात तपकिरी आणि हिवाळ्यात पांढरा होतो. दरवर्षी रंग पालटणे हा आयुष्यातला बदल, पण तो पालटण्याची क्षमता आनुवंशिक. या बदलाची वेळ प्रामुख्याने दिवसाच्या लांबीवर ठरते, जमिनीवर बर्फ आहे की नाही यावर नव्हे. त्यामुळे बर्फ उशिरा पडला तर पांढरा ससा तपकिरी जमिनीवर उठून दिसतो आणि शिकाऱ्यांच्या तावडीत सापडतो. जेथे बर्फ कमी टिकतो अशा पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या भागात हिवाळ्यातही तपकिरी राहणारे ससे आढळतात. एकच जात दोन ठिकाणी तपासली की अशी माहिती हाती येते.

नातलगांशी तुलना करावी

एकट्या प्राण्याकडे पाहून काढलेले निष्कर्ष कच्चे राहतात. जवळचे नातलग वेगळ्या परिसरात आणि दूरचे प्राणी सारख्या परिसरात, अशा दोन्ही दिशांनी तुलना करावी. ध्रुवीय कोल्ह्याचे कान लहान व गोलसर आणि सहारातील फेनेक कोल्ह्याचे कान अवाढव्य असतात; थंड प्रदेशात उष्णता वाया घालवणारे अवयव आखूड राहतात, हे सूत्र जोएल अ‍ॅलन यांनी १८७७ मध्ये मांडले. फेनेकच्या बाबतीत मोठे कान वाळूखालच्या कीटकांची चाहूल घ्यायलाही उपयोगी पडतात, म्हणून एका अवयवाला एकच काम नेमून देण्याची घाई करू नये. दुसऱ्या दिशेचे उदाहरण डॉल्फिन आणि शार्कचे: दोघांचे शरीर पाणी कापण्यास सारखेच निमुळते झाले, पण डॉल्फिनची शेपटी आडवी असून वरखाली हलते व शार्कची उभी असून डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवरचे सस्तन प्राणी होते आणि त्यांचा कणा वरखाली वाकत असे. परिसर मागणी करतो, पण ती पुरवली जाते जुन्या साहित्यातूनच.

वर्तनाची तुलना किती नेमकी करता येते, हे निको टिनबर्गन यांनी इंग्लंडमध्ये काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्यांवर केलेल्या कामात दिसते. पिल्लू बाहेर आले की पालक पक्षी अंड्याचे रिकामे कवच चोचीत धरून घरट्यापासून दूर टाकतो. काम क्षणाचे आहे, पण तेवढा वेळ घरटे उघडे पडते. कवचाची बाहेरची बाजू मातकट ठिपक्यांची असते आणि आतली पांढरीशुभ्र. टिनबर्गन यांनी अंडी मांडून त्यांच्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर फुटकी कवचे ठेवली, तेव्हा कवच जितके जवळ तितकी अधिक अंडी कावळ्यांनी व इतर भक्षकांनी शोधून पळवली. त्याहून बारीक निरीक्षण असे की पालक कवच लगेच उचलत नाही, पिल्लू वाळेपर्यंत थांबतो. ओले पिल्लू शेजारचे कुरव सहज गिळतात, वाळून फुललेले पिल्लू गिळणे कठीण जाते. दुसरीकडे उभ्या कड्यांच्या अरुंद कंगोऱ्यांवर, भक्षकांना पोहोचणे अवघड असलेल्या जागी घरटी करणारा किटिवेक हा कुरवांचाच नातलग कवचे उचलून टाकत नाही. अडचण नाही तेथे सवयही नाही, हे अनुकूलनाच्या बाजूचे फार बळकट प्रमाण आहे.

सुंदर स्पष्टीकरणावर लगेच विश्वास ठेवू नये

प्रत्येक वैशिष्ट्यासाठी किमान दोन स्पर्धक स्पष्टीकरणे लिहावीत आणि त्यांपैकी कोणते खोटे ठरू शकेल, ते कशाने, हे ठरवावे. ध्रुवीय अस्वलाचे केस रंगहीन आणि त्वचा काळी असते. त्यामुळे केस सूर्यप्रकाश आतल्या आत वाहून त्वचेपर्यंत नेतात, ही कल्पना पुष्कळ पसरली होती. १९९८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल कून यांनी प्रत्यक्ष मोजले, तेव्हा प्रकाश केसातून जाताना अगदी थोड्या अंतरात विरतो असे आढळले. कल्पना आकर्षक होती, मोजमापाने ती बाद केली.

झेब्य्राच्या पट्ट्यांविषयी सिंहाची दिशाभूल, उष्णतेचे नियमन, एकमेकांची ओळख अशी अनेक स्पष्टीकरणे दिली गेली. टिम कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्त शोषणाऱ्या गोमाश्यांचे झेब्रे आणि घोडे यांच्याभोवतीचे वर्तन टिपले. माश्या दोघांकडेही सारख्याच प्रमाणात येत, पण झेब्य्रावर फार कमी बसत. जवळ येताना त्यांचा वेग नीट कमी होत नसे आणि त्या अंगावर आदळत किंवा वरून निघून जात. मग घोड्यांना काळी, पांढरी आणि पट्टेदार वस्त्रे घालण्यात आली. पट्टेदार वस्त्रावर माश्या कमी बसल्या, मात्र त्याच घोड्याच्या उघड्या डोक्यावर त्या एरवीइतक्याच बसल्या. वास, आकार आणि हालचाल तीच राहून केवळ पट्ट्यांचा परिणाम वेगळा दाखवणारी ही तुलना अभ्यासकाने मनात कोरून ठेवावी अशी आहे.

प्रयोग करणे शक्य नसेल तेथे निरीक्षणाचीच शिस्त वाढवावी. प्राण्याला दचकवणार नाही इतक्या अंतरावर थांबावे, कारण माणसाच्या उपस्थितीने बदललेले वागणे हे परिसराला दिलेले उत्तर नसते. एकाच प्राण्याला वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या हवामानात पाहावे. घरटी, बिळे, पिल्ले यांना हात लावू नये.

शोधताना किंमतही तपासावी, कारण फुकट मिळणारे अनुकूलन विरळाच. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातील आइसफिश माशांच्या रक्तात गोठण रोखणारी प्रथिने असतात, ज्यामुळे शून्याखालच्या पाण्यातही त्यांचे रक्त गोठत नाही. याच माशांच्या रक्तात हिमोग्लोबिनही नसते. थंड पाण्यात ऑक्सिजन अधिक विरघळतो म्हणून ते निभावते, तरीही मोठे हृदय आणि जास्त रक्त यांवर त्यांना बरीच ऊर्जा खर्च करावी लागते. गोठण रोखणारी प्रथिने हे उघड अनुकूलन आहे. हिमोग्लोबिनचा अभाव मात्र केवळ खपून गेलेली हानी असू शकते. एकाच रक्तातील दोन वैशिष्ट्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

नोंद लिहिताना पाहिलेले आणि अनुमान केलेले यांसाठी स्वतंत्र ओळी ठेवाव्यात. ‘सरडा सकाळी दगडावर अंग पसरून बसला होता, ऊन चढल्यावर कपारीत गेला’ हे पाहिलेले. ‘शरीराचे तापमान ठरावीक मर्यादेत ठेवण्यासाठी तो जागा बदलत असावा’ हे अनुमान. त्याखाली तिसरी ओळ हवी: ‘ढगाळ दिवशी तो कपारीत जाण्याऐवजी दगडावरच राहिला, तर अनुमानाला बळ मिळेल, ऊन नसतानाही त्याच वेळी आत गेला, तर भक्षक किंवा भक्ष्य यांच्या वेळा तपासाव्या लागतील.’ ही तिसरी ओळ लिहिता येत नसेल, तर अनुमान अजून पुरेसे नेमके झालेले नाही असे समजावे आणि पुन्हा निरीक्षणाकडे वळावे.