पत्त्यांच्या जादूतील छुपी तयारी: या चुका टाळा

अगदी समोर बसलेल्या दोन-चार माणसांना पत्त्यांची जादू दाखवताना हातचलाखी पकडली जाते ती बहुधा तिच्या चार-पाच सेकंद आधी, म्हणजे तयारीच्या वेळी, असा माझा अनुभव आहे. दोन पाने एक म्हणून उचलण्यासाठी करंगळीने धरलेली फट, तळाचे पान चोरून पाहणे, घरूनच क्रमाने लावून आणलेला कॅट हाती घेणे, ही कामे सहज दिसली पाहिजेत हे नवशिक्यालाही ठाऊक असते. मात्र कोणी सहजतेच्या नावाखाली ती हलगर्जीपणे उरकतो, तर कोणी तयारीला इतके जपतो की त्या जपण्यामुळेच पाहणाऱ्याचे लक्ष तिकडे जाते.

डबल लिफ्टचेच, म्हणजे दोन पाने एक म्हणून उचलण्याचेच उदाहरण घेऊ. पान उलटण्याची वेळ आली की पुष्कळ जण थांबतात, हातांकडे पाहतात आणि अंगठ्याने वरची दोन पाने चाचपू लागतात. ही फट खूप आधी, समोरच्या व्यक्तीशी नजर मिळवून तिला काही विचारत असताना आणि कॅटाच्या कडा जुळवण्याच्या निमित्ताने धरलेली असावी. फट केसाएवढी पुरते. करंगळीचे अख्खे पेर आत घातले, तर उजव्या हाताला बसलेल्या प्रेक्षकाला ती स्पष्ट दिसते. आणखी एक दोष याहून चिवट आहे: दोन पाने नाजूकपणे, चिमटीत धरून उचलायची आणि एकच पान असले की ते बेफिकिरीने फेकायचे. म्हणून आधी खरोखरचे एक पान आपण कसे उलटतो ते पाहावे आणि दोन पाने तशीच उलटावीत. ‘नैसर्गिक राहा’ हा जादूगार डाय व्हर्नन (1894–1992) यांचा आग्रह या संदर्भात शब्दशः घ्यावा. फट मध्येच सुटली तर ती शोधत बसू नये. एखादे वाक्य बोलत अंगठ्याने दोन पाने किंचित पुढे सरकवून परत मागे घ्यावीत आणि घेताना करंगळी खाली सारावी.

तळाचे पान पाहताना डोळ्यांपेक्षा मान अधिक दगा देते. प्रेक्षकाने कॅट पिसून परत दिला की त्याच्या लेखी फसवणुकीची शक्यता संपलेली असते, आणि नेमक्या त्याच सैल क्षणी, कॅट टेबलावर आपटून सारखा करताना, तळाच्या पानावर ओझरती नजर पुरते.

लावलेल्या कॅटाबाबत चुका अधिक होतात. कॅट लावण्याच्या सी स्टेबिन्स पद्धतीत प्रत्येक पुढचे पान तीनने मोठे असते (राजानंतर पुन्हा एक्क्यापासून मोजायचे) आणि रंगांचा क्रम ठरलेला असतो: किलवरची सत्ती, बदामाची दश्शी, इस्पिकचा राजा, चौकटची तिर्री, याप्रमाणे. हा क्रम चक्राकार असल्याने कॅट कितीही वेळा काटला तरी तो बिघडत नाही. एकेक पान टेबलावर वाटून काढले की मात्र तो उलटा होतो. कॅट उताणा पसरून फार वेळ ठेवला, तर काळे-लाल-काळे-लाल अशी पट्टी चाणाक्ष माणसाच्या ध्यानात येते. एक पान हरवले असेल तर हिशेब त्या जागी तुटतो, म्हणून खिशात ठेवण्यापूर्वी बावन्न पाने मोजावीत. डबीतून काढलेला कॅट न पिसता थेट प्रयोगाला लावणे हे तर उघडच संशयास्पद आहे. क्रम न मोडणारे खोटे पिसणे अजून जमत नसेल, तर गप्पा मारत प्रेक्षकाकडूनच दोन-तीनदा काटून घ्यावे.

जास्तीचे, म्हणजे एकासारखे दुसरे पान वापरणाऱ्यांनी कॅटाची कड एकदा बाजूने पाहावी. हाताळून मळकट झालेल्या कडांमध्ये नव्या पानाची पांढरी रेघ लांबूनही उठून दिसते, म्हणून ते पान पहिल्या दिवसापासून त्याच कॅटात राहू द्यावे. आत एखादे पान उताणे लपवायचे असेल, तर पाठीला पांढरी किनार असलेले बायसिकल रायडर बॅकसारखे पत्ते बरे. ‘बी’ (Bee) छापाच्या पत्त्यांच्या पाठीला किनार नसते, त्यामुळे पसरताना पान जरा सरकले की पांढरी कड लगेच चमकते.

तयारी नीट होऊनही जीभ घात करते. ‘हा अगदी साधा कॅट आहे बरं का’ असे कोणी न विचारता सांगणे म्हणजे चोराच्या मनात चांदणे. कॅट साधाच असल्यासारखा वागवावा, बोलताना टेबलावर ठेवून द्यावा आणि त्यावरचा हात काढून घ्यावा.

सरावासाठी आरसा अपुरा पडतो, कारण त्यात फक्त समोरची बाजू दिसते आणि स्वतःला पाहत राहण्याची सवय जडते. मोबाइल उजवीकडे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून चित्रण करावे, मग डावीकडून, आणि शेवटी पाठीमागूनही. घरच्या समारंभात लहान मुले हटकून तिथेच येऊन उभी राहतात.