रोस्टरचं सॉफ्टवेअर बसवताय? आधी रात्रपाळी तपासा

लोणावळ्याच्या एका हॉटेलात रोस्टर (कोणाची पाळी केव्हा, याचं वेळापत्रक) आणि मनुष्यबळ नियोजनाचं सॉफ्टवेअर बसवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते बिघडवलं. दिवाळीच्या तोंडावर रात्रपाळीवाल्यांचे पगार कापले गेले. रात्री 11 चा आत येण्याचा पंच, म्हणजे मशीनवरची हजेरीची नोंद, एका तारखेला पडला, सकाळी 7 चा बाहेर पडण्याचा दुसऱ्या. दोन्ही दिवस अर्धवट, म्हणून दोन्ही दिवस गैरहजर. सिक्युरिटी, नाइट रिसेप्शन, बेकरी, रात्री भांडी घासणारी मुलं, सगळे त्यात सापडले. घरी पैसे पाठवायचे दिवस होते ते. आता दुसऱ्या हॉटेलात तेच काम हाती घेतलंय, म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय.

कर्मचाऱ्यांची नावं, विभाग, हुद्दे तुम्ही भरालच. कंत्राटदाराची माणसं आणि बँक्वेटला रोजावर येणारी मुलं मात्र विसरू नका, नाहीतर लग्नाच्या दिवशी निम्मी माणसं सॉफ्टवेअरला दिसणारच नाहीत. कोणाला कोणतं काम येतं तेही नोंदवा.

आता शिफ्ट. इथे घाई करू नका. प्रत्येक शिफ्टला विचारा: ही कोणत्या तारखेची? उत्तर एकच असायला हवं, ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेची, अख्खीच्या अख्खी. सॉफ्टवेअरवाला म्हणेल, "सर, ते आपोआप होतं." विश्वास ठेवू नका, तुमच्यासमोर करून दाखवायला लावा. 11 च्या शिफ्टला माणूस 10.35 ला येतो आणि 7 ला सुटायचा तो रिलीव्हर, म्हणजे त्याची जागा घेणारा माणूस, न आल्यामुळे 8.20 ला जातो. हे दोन्ही पंच एकाच शिफ्टला जोडले जातात का, पाहा. आणि हा फक्त रात्रपाळीचा प्रश्न नाही. रेस्टॉरंटची ब्रेक शिफ्ट 11 ते 3 आणि 7 ते 11 अशी असते, म्हणजे दिवसाला चार पंच. लग्नाच्या रात्री त्यातला चौथा पंच 12.40 ला पडतो आणि तारीख ओलांडतो. 31 डिसेंबरला तर जवळजवळ सगळा स्टाफच मध्यरात्र ओलांडतो, तीही वर्ष बदलताना.

साप्ताहिक सुट्टीचंही तसंच. रविवारी रात्री 11 ला कामावर आलेला माणूस सोमवारी सकाळी 7 ला सुटतो. सॉफ्टवेअरने त्याला सोमवारची सुट्टी दिली आणि मंगळवारी पहाटे 4 ला बोलावलं, तर त्याच्या वाट्याला फक्त कामानंतरची झोप आली. 1948 च्या जुन्या कारखाना कायद्याचं (2025 मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) कलम 57 वाचा: शिफ्ट मध्यरात्र ओलांडत असेल तर सुट्टीचे 24 तास शिफ्ट संपल्यापासून मोजायचे आणि मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. हॉटेल कारखाना नव्हे, पण नियम लिहून देताना याच्याइतकं स्पष्ट वाक्य मला दुसरं सापडलं नाही.

कायद्याचे बाकीचे आकडे सेटिंगमध्ये ठेवा, म्हणजे पुढे बदलता येतील. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या मूळ मजकुरात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. महिलांना रात्री 9.30 ते सकाळी 7 कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. हे आकडे बदलत राहतात, त्यामुळे आज लागू असलेले आकडे सल्लागाराकडून लेखी घ्या.

कोणत्या दिवशी किती माणसं लागतील याच्या अंदाजासाठी सॉफ्टवेअर पीएमएसला, म्हणजे हॉटेलच्या बुकिंग आणि बिलांच्या सॉफ्टवेअरला, जोडावं लागेल. नुसती ऑक्युपन्सी, म्हणजे किती खोल्या भरल्या तो आकडा, घेऊ नका. चेकआउटची खोली राहत्या पाहुण्याच्या खोलीपेक्षा जास्त वेळ खाते, म्हणून जाणारे आणि राहणारे वेगवेगळे हवेत. रेस्टॉरंटचे कव्हर (किती जण जेवले) हवेत, बँक्वेटचे एफपी (प्रत्येक समारंभाचा तपशील लिहिलेला कागद) हवेत. लोणावळ्यात पावसाळ्यातला शनिवार आणि मंगळवार ही दोन वेगळी हॉटेलं असतात, महिन्याची सरासरी काढलीत तर दोन्हीकडे फसाल. गणपतीत कोकणातली मुलं आणि छठला बिहारची मुलं रजेवर जाणार, ते आधीच भरून ठेवा. आणि पुन्हा तारीख! पीएमएसची तारीख नाइट ऑडिट (रात्री दिवसाचा हिशेब बंद करणं) झाल्यावर बदलते, पंचिंग मशीनची बरोबर 12 ला. ऑडिट 3 ला झालं तर मधल्या तीन तासांची विक्री आदल्या तारखेला आणि माणसांचे तास पुढच्या तारखेला जातात. मग मजुरीचा खर्च आणि विक्री यांचा मेळ कसा लागणार?

भांडी घासणाऱ्यांची आणि हाउसकीपिंगची बोटं झिजलेली, ओली असतात. अंगठा उमटत नाही, तिथे चेहरा ओळखणारं मशीन घ्या. रोस्टर मराठीत आणि हिंदीत हवं. मोबाइलवर दिलंत तरी स्टाफ कॅफेटेरियाच्या फळ्यावर छापील प्रत लावा.

जुनी वही आणि नवं सॉफ्टवेअर पूर्ण एक महिना बरोबर चालवा. पंधरा दिवस पुरत नाहीत, कारण त्यात महिनाअखेर येईलच असं नाही. 31 तारखेची रात्रपाळी 1 तारखेला संपते आणि पगाराची फाइल नेमकी तिथेच कापली जाते. 14 ऑगस्टच्या रात्री सुरू झालेल्या पाळीला 15 ऑगस्टचा सुट्टीचा मोबदला कसा मिळणार, तेही ठरवून लिहून घ्या.

एचओडींचं (विभागप्रमुखांचं) प्रशिक्षण, पासवर्ड, बॅकअप नेहमीप्रमाणे. शनिवारी सुरू करू नका.

पहिल्या महिन्यानंतरच्या 1 तारखेला सकाळी 7 ला स्वतः टाइम ऑफिसात उभे राहा. सुटणाऱ्या प्रत्येक माणसाचा पंच कोणत्या तारखेवर पडला ते स्क्रीनवर बघा, मगच पगाराची फाइल अकाउंट्सला पाठवा.