संगीन की तलवार? शस्त्रदालनात ओळखायचं कसं

शस्त्रदालनात गेलं की नजर आधी पात्यावर जाते: किती लांब, किती वाकडं, धार आहे का. ओळख पटवायची असेल तर हा क्रम उलटा करा. आधी मूठ बघा, पातं नंतर. तलवार हातात आली की शस्त्र पुरं झालं. संगीन मात्र बंदुकीला बसवण्यासाठी घडवलेली असते आणि त्या जोडणीची खूण तिच्या अंगावर असतेच. ती खूण शोधणं हेच आपलं काम.

१. कडं, खाच आणि खटका शोधा

ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेत सर्रास वापरली गेलेली १९०७ च्या नमुन्याची संगीन उदाहरणाला घेऊ. मूठ लाकडी, पातं सरळ आणि १७ इंचांचं, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर. मूठ आणि पात्याच्या मधे आडवी लोखंडी पट्टी असते. तिच्या एका टोकाला गोल कडं दिसेल. मुठीच्या मागच्या टोकाला लांबट खाच आहे आणि तिथेच दाबायचा छोटा खटका. कडं ली-एनफिल्ड रायफलीच्या तोंडाखालच्या बोंडावर बसतं, खाच मागच्या पट्टीवर सरकते आणि खटका तिला तिथे अडकवून ठेवतो.

तलवारीच्या मुठीत यातलं काहीच नसतं. आपल्याकडच्या तलवारीची मूठ बहुधा पोलादी, शेवटी थाळीसारखी चकती, कधी बोटं झाकणारी परज. पात्याचं शेपूट मुठीत घालून लाखेने पक्कं केलेलं. सगळी रचना पंजा नीट बसावा आणि वार करताना हात सुटू नये यासाठी.

एक काळजी घ्या. नंतर सुरी म्हणून वापरता यावी म्हणून काही संगिनींचं कडं कापून टाकलेलं असतं. अशा वेळी मुठीमागची खाच बघा. ती लपवता येत नाही.

२. मूठच नसेल तर

मग प्रश्नच मिटला, ती संगीन. अठराव्या शतकातल्या ब्राउन बेस बंदुकीची संगीन म्हणजे एक नळकांडं आणि त्याच्या बाजूला कोपरासारखं वळण घेऊन निघालेलं तिधारी, टोकदार पातं. ते वळण मुद्दाम दिलेलं असायचं. नळकांडं बंदुकीच्या नळीवर चढतं, पातं बाजूला राहतं, त्यामुळे संगीन लावलेली असतानाही बार भरता येतो आणि झाडताही येतो.

त्याआधी संगिनीचा दांडा थेट नळीच्या तोंडात खुपसत. संगीन लावली की बंदूक मुकी. २७ जुलै १६८९ ला स्कॉटलंडमध्ये किलिक्रँकीला सरकारी सैनिकांना याची जबर किंमत मोजावी लागली. गोळ्या झाडून झाल्यावर त्यांना संगिनी खुपसायला सवड मिळाली नाही, तोवर डोंगरी हायलँडर रुंद पात्याच्या तलवारी घेऊन अंगावर आले होते.

३. फसवणाऱ्या नमुन्यांपाशी थांबा

इथे घाई करू नका. फ्रान्सच्या १८६६ च्या शासपो रायफलीची संगीन पहिल्या नजरेत तलवारच वाटते: पितळी मूठ, दुहेरी बाक दिलेलं, अर्ध्या मीटरहून लांब पातं. पण आडव्या पट्टीला कडं आहेच.

उलट, १९०८ ची ब्रिटिश घोडदळाची तलवार बघा. पातं सरळ, अरुंद, जवळपास ८९ सेंटिमीटर, आणि केवळ भोसकण्यासाठी बनवलेलं. म्हणजे ‘तलवार कापते, संगीन भोसकते’ हा सोपा नियम इथे साफ चुकतो. धार आणि बाक यांवरून निकाल देऊ नका असं मी आग्रहाने सांगतो, ते यासाठीच.

४. आता पातं वाचा

१९०७ च्या संगिनीवर मुठीजवळ मुकुटाची खूण आणि ‘१९०७’ हा आकडा कोरलेला असतो. अनेकजण ते बनवल्याचं वर्ष समजतात. तो नमुन्याचा आकडा आहे. प्रत्यक्ष बनवल्याचा महिना आणि वर्ष इंग्लंडच्या नगांवर त्याच बाजूला वेगळं कोरलेलं सापडतं. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यातही या संगिनी बनत. दुसऱ्या महायुद्धात तिथे १२ इंची आखूड पात्यांच्याही निघाल्या. त्यामुळे आखूड संगीन दिसली म्हणजे ती मोडकीच असं समजू नका.

मूळ १७ इंच लांबी कशासाठी? ली-एनफिल्ड आधीच्या रायफलींपेक्षा आखूड होती. समोरच्याच्या लांब रायफलीशी पल्ल्यात बरोबरी साधायची तर संगीन वाढवणं भाग होतं. ती बसवल्यावर सगळी लांबी दीड मीटरच्या पुढे जाते, म्हणजे पायदळाच्या हाती जवळजवळ भालाच येतो.

५. शस्त्र कुणाच्या हातात होतं ते विचारा

‘मराठ्यांची तलवार, इंग्रजांची संगीन’ अशी वाटणी करून मोकळं होऊ नका. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय सेनाधिकाऱ्याकडून उभी करवलेली कवायती पलटणं बंदूक-संगीनधारी होती. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणात (आजचा जालना जिल्हा) इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पायदळासमोर शिंद्यांची अशीच पलटणं उभी होती आणि त्याच रणात दोन्हीकडच्या घोडदळाकडे तलवारी होत्या. दालनातल्या पाटीवर नुसतं ‘मराठाकालीन शस्त्र’ लिहिलेलं असेल, तर ते पायदळाचं की स्वाराचं, हे मुठीवरून आणि जोडणीवरून तुम्हीच ताडून बघा.

घरी जुनं पातं निघालं तर

घासून चकचकीत करू नका, खुणा पुसल्या जातात. उघड्या हाताने पात्याला हात लावू नका, घामाने गंज चढतो. सुती हातमोजे घालून मुठीचे आणि खुणांचे जवळून फोटो काढा आणि पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवा. शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत तलवार आणि संगीन दोन्ही शस्त्रांच्या यादीत आहेत, तेव्हा जवळ ठेवण्याआधी किंवा विकण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. वस्तू शंभर वर्षांपूर्वीची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचाही विचार करावा लागतो.